तंगीच्या वर्षात नौका पाण्यात उतरवताना

१ जूनला पावसाळी मासेमारीची बंदी लागते, ३१ जुलैला सुटते. हे ६१ दिवस नौका शाकारून ठेवलेली असते, आवक शून्य असते आणि हंगामाचा मोठा खर्च नेमका याच काळाच्या शेवटी, एकाच पंधरवड्यात अंगावर येतो. रंग, कलाफत (फळ्यांच्या सांध्यांत कापूस भरणं), इंजिनाचं काम, दोर-जाळी, खलाशांची आगाऊ, पहिल्या फेरीचं डिझेल आणि बर्फ, सगळं एकदम. गेला हंगाम बरा गेला असेल तर हे निभतं. नसेल तर कुठे हात आखडायचा आणि कुठे अजिबात नाही, हे वहीवर मांडल्याशिवाय झाप (नौकेवरचं शाकारणीचं छप्पर) काढायला घेऊ नका.

खालचे आकडे एक नमुना नौका धरून दिले आहेत: ४० फुटी लाकडी नौका, चार सिलिंडरचं साधारण ६० अश्वशक्तीचं इंजिन, गिलनेटची मासेमारी, तांडेल (नौकेचा म्होरक्या) धरून सहा माणसं, तीन दिवसांची फेरी. तुमची नौका, तुमच्या बंदरातला भाव आणि तुमची पगाराची रीत वेगळी असेल. आकडे बदला, मांडणी तीच ठेवा.

आधी हिशेब, मग हातोडा

तीन दिवसांच्या फेरीत इंजिन साधारण ३० तास चालतं. कामाच्या वेगाला तासाला ९ लिटर धरले तर २७० लिटर डिझेल, ९० रुपयांनी २४,३०० रुपये. बर्फ दीड टन, ३,७५० रुपये. सहा जणांचं रेशन-पाणी ३,५००. तेल, ग्रीस, हमाली, किरकोळ २,२५०. झाले ३३,८०० रुपये. बहुतेक जण इथेच थांबतात आणि मासळी ४५ हजारांना गेली की फेरी फायद्यात गेली म्हणतात.

ती गेलेली नसते. खलाशांचा पगार पंधरा हजारांनी पाच जणांचा आणि तांडेलाचे पंचवीस, म्हणजे महिन्याला एक लाख. महिन्यात सरासरी पाच फेऱ्या झाल्या तर फेरीमागे २०,०००. नौका उतरवायला अडीच लाख लागले आणि नऊ महिन्यांत ४५ फेऱ्या झाल्या तर त्याचे फेरीमागे ५,६००. एकूण ५९,४००. लिलावात पाच टक्के दलाली कापली जाते, म्हणजे मासळी ६२,५०० रुपयांना गेली तेव्हा कुठे बरोबरी. मिसळ मासळीला सरासरी १५० रुपये किलो मिळाले तर ही ४१७ किलो मासळी होते. भाव १२०वर आला तर ५२० किलो.

हा किलोचा आकडा वहीच्या पहिल्या पानावर मोठा लिहा. मागच्या हंगामाच्या पावत्या काढून बघा की किती फेऱ्यांना एवढी मासळी आली होती. निम्म्याहून कमी फेऱ्यांना आली असेल तर यंदा नौका जशीच्या तशी उतरवणं हा कर्ज वाढवायचा धंदा आहे. अशा वेळी दोन मालकांनी मिळून एकच नौका उतरवावी, दोघांची चांगली जाळी एकीवर घ्यावी, दुसरी शाकारलेलीच ठेवावी. गावात लोक बोलतील. बोलू द्या. पगाराऐवजी मासळीच्या पैशाची वाटणी करत असाल तर वरच्या हिशेबातले २०,००० काढा आणि वाटणीचं प्रमाण झाप काढायच्या आधी सगळ्यांसमोर ठरवा. नौकेचा वाटा, जाळ्याचा वाटा, तांडेलाचा वाटा हे पहिली मासळी आल्यावर ठरवायला बसलात की भांडण ठरलेलं.

पैसा कुठून आणायचा

सर्वात सोपा पैसा व्यापाऱ्याची उचल, आणि सर्वात महागही तीच. व्याज नाही असं म्हणतात. पण उचल घेतली की मासळी त्याच्याच काट्यावर जाते आणि भाव तो सांगेल तो. समजा दोन लाख उचललेत आणि तो खुल्या लिलावापेक्षा फक्त पाच टक्के कमी देतो. हंगामात ४५ फेऱ्या, दर फेरीला ६५ हजारांची मासळी, म्हणजे सव्वाएकोणतीस लाखांची विक्री. त्याचे पाच टक्के झाले एक लाख ४६ हजार. दोन लाखांवर नऊ महिन्यांत एवढं! आणि मूळ दोन लाख तसेच उभे.

किसान क्रेडिट कार्ड २०१८-१९पासून मच्छीमारांनाही मिळतं. सवलतीच्या मर्यादेतल्या कर्जाला ७ टक्के व्याज आहे, वेळेत फेडलं तर ३ टक्के परत मिळून ते ४ टक्क्यांवर येतं. दोन लाखांवर वर्षाला आठ ते चौदा हजार. दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघा. अडचण एवढीच की बँकेला वेळ लागतो. ऑगस्टचा पैसा हवा असेल तर अर्ज मार्च-एप्रिलमध्ये, नौकेची नोंदणी, परवाना आणि सोसायटीचा दाखला जोडून द्यावा लागतो. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात बँकेत गेलात तर हात हलवत परत याल आणि उचलीच्या दारात उभे राहाल. राज्य सरकारने एप्रिल २०२५मध्ये मासेमारीला शेतीचा दर्जा दिला आहे, त्यामुळे शेतीच्या दराने कर्ज मागताना तो निर्णयही पुढे करा.

उचल घ्यावीच लागली तर रक्कम लहान ठेवा आणि दोन गोष्टी आधीच बोलून घ्या: भाव त्या दिवशीच्या लिलावाचा लागेल, आणि प्रत्येक फेरीला ठरावीक रक्कम मुद्दलात वळती होईल. तोंडी नको, वहीत सही घेऊन.

डिझेलवरच्या विक्रीकराचा परतावा हक्काचा आहे, पण तो उशिरा येतो. तो आला की जुनं देणं फेडा. या हंगामाच्या हिशेबात हातात असलेला पैसा म्हणून धरू नका.

खलाशांच्या आगाऊचंही तसंच. गावी जाताना मोठी रक्कम हातात दिली आणि ऑगस्टमध्ये माणूस दुसऱ्याच बंदरात दुसऱ्याच नौकेवर, हे दर वर्षीचं आहे. जाताना थोडी, आल्यावर थोडी, पहिल्या फेरीनंतर उरलेली, असे तीन भाग करा.

कुठे कापायचं, कुठे नाही

तीन गोष्टींवर कात्री चालवायची नाही: पाणी आत येऊ न देणारं काम, इंजिन आणि पंखा (नौका ढकलणारा, पाण्यातला) चालू ठेवणारं काम, आणि माणूस जिवंत परत आणणारं सामान. बाकीचं थांबू शकतं. पाण्यावरच्या भागाचा चकचकीत रंग, नवी नावाची पाटी, केबिनचं सनमायका, नवा फिश फाइंडर, मिरवणुकीचा डीजे. दर्याला नारळ द्यायला एक नारळ लागतो.

बुड तपासणी

झाप आणि ताडपत्री काढल्यावर लगेच रंगाचा डबा उघडू नका. आधी नौका दोन-तीन दिवस वाऱ्यावर राहू द्या आणि आतलं साचलेलं पाणी, चिखल, जुनी मासळीची घाण पूर्ण काढा. मग हलका हातोडा आणि टोच्या घेऊन पठाणापासून (नौकेच्या तळाच्या कण्यापासून) सुरुवात करा. नाळेपासून (पुढच्या टोकापासून) सुकाणूपर्यंत दर वीतभर अंतरावर हातोडा मारत जा. चांगलं लाकूड टणक वाजतं. आतून सडलेलं किंवा अळीने पोखरलेलं भद्द वाजतं. तिथे टोच्या दाबा. बोटाच्या पेराएवढा आत गेला तर फळी बदलायची, वर लुकण (फटी बुजवायचा लेप) भरून झाकायची नाही. चार ठिकाणं हमखास फसवतात: पठाण आणि पहिली फळी यांचा सांधा, शाफ्ट (इंजिन आणि पंखा जोडणारा दांडा) बाहेर पडते ती जागा, वाकांची (आतल्या फासळ्यांची) खालची टोकं, आणि मासळीच्या खणाच्या खालचा भाग, कारण तिथे बर्फाचं गोडं पाणी सतत झिरपत असतं. लाकूड खाऱ्या पाण्यापेक्षा गोड्या पाण्यात लवकर कुजतं.

जुन्या लाकडावर फायबर चढवलेल्या नौकांचं दुखणं वेगळं. बाहेरून गुळगुळीत दिसतं, पण वरून शिरलेलं पावसाचं पाणी फायबर आणि लाकूड यांच्यामध्ये अडकतं आणि लाकूड आतल्या आत मऊ होतं. फायबरला पोकळ आवाज आला की तेवढी चौकट कापून उघडा. हाताएवढ्या जागेचं काम यंदा झालं नाही तर पुढच्या वर्षी दोन फळ्यांचं होईल.

कलाफत करताना होणारी चूक उलट दिशेची असते. दोन महिने कोरड्यात राहिलेल्या फळ्या आकसतात आणि सांधे उघडतात. ते बघून जीव घाबरतो आणि सुतार कापूस ठोकठोक ठोकतो. पाण्यात गेल्यावर फळ्या फुगतात, जागा उरत नाही, आणि मग फळी वाकावरून सुटते किंवा खिळे ओढले जातात. म्हणून जुना, काळा पडलेला, हाताने ओढला की निघणारा कापूस तेवढाच काढा. घट्ट बसलेल्याला हात लावू नका. नवा कापूस पिळाची वळी करून सांध्याच्या दोन तृतीयांश खोलीपर्यंत बसवा, वरचा भाग राळ-तेलाच्या लुकणाने भरा. उतरवायच्या चार-पाच दिवस आधीपासून आत गोणपाट ओले करून टाका आणि रोज दोनदा समुद्राचं पाणी मारा. फळ्यांना पाणी हळूहळू पिऊ द्यायचं.

बुडाचा रंग

इथे पैसे वाचवले की ते डिझेलमध्ये दुपटीने जातात. शेवाळ आणि शिंपल्यांनी भरलेल्या बुडाला तोच वेग धरायला जास्त ताकद लागते. किती रंग लागेल याचा अंदाज असा: पाण्याच्या रेषेवरची लांबी मीटरमध्ये, गुणिले रुंदी अधिक बुडीत खोली. ११ मीटर लांब, साडेतीन रुंद, एक मीटर बुडणाऱ्या नौकेला ११ × ४.५, म्हणजे सुमारे ५० चौरस मीटर. शेवाळरोधक रंगाचा लिटर साधारण आठ चौरस मीटर झाकतो. एका हाताला सहा-सव्वासहा लिटर, दोन हातांना साडेबारा. रंग पातळ करून तीन हात काढायचा मोह टाळा, कारण शेवाळ रोखणारं औषध तेवढंच राहतं, नुसतं पसरतं. पैसे दोन हातांना पुरत नसतील तर संपूर्ण बुडाला एक हात आणि पाण्याची रेष, नाळ, सुकाणू, पठाणाची कड एवढ्यालाच दुसरा द्या.

जुना रंग कोरडा घासू नका. त्यातलं तांबं आणि विष धुळीबरोबर छातीत जातं. पाणी मारत घासा, तोंडाला फडकं नव्हे, मास्क लावा. शेवटच्या हातानंतर किती तासांत ते किती दिवसांत नौका पाण्यात गेली पाहिजे हे डब्यावर लिहिलेलं असतं. ते वाचून रंगाचा दिवस भरतीच्या दिवसावरून मागे मोजा. उन्हात पंधरा दिवस पडलेला रंग पाण्यात कमी काम करतो.

जस्ताच्या वड्यांवर आणि फिश फाइंडरच्या डोळ्यावर रंग लावायचा नाही. जस्ताची वडी स्वतः झिजून शाफ्ट आणि पंखा वाचवते. रंगवली की ती नुसतं वजन होते. निम्मी झिजली असेल तर बदला. एका वडीची किंमत पंख्याच्या किमतीपुढे काहीच नाही.

पंखा, शाफ्ट, ग्लँड

पंख्याच्या पात्यांच्या कडा बोटाने तपासा. एक पातं जरी वाकलं असेल तर थरथर सुरू होते, आणि ती ग्लँड (शाफ्टच्या भोकातून पाणी आत येऊ न देणारी बैठक), बुश (शाफ्ट धरणारी नळी) आणि कपलिंग (इंजिन आणि शाफ्टचा जोड) अशी एकेक वस्तू खाते. शाफ्ट हाताने वर-खाली हलवून बघा. बुशमध्ये स्पष्ट खेळ जाणवला तर बुश बदलायची, कारण पाण्यात गेल्यावर हे काम पुन्हा नौका वर ओढल्याशिवाय होत नाही.

ग्लँडचं पॅकिंग दर हंगामाला नवं घाला. जुन्यावर नवी एक कडी चढवून काम भागवायचं नाही, जुनं सगळं आकड्याने ओढून काढा. शाफ्टभोवती गुंडाळून तिरका काप द्या, तीन किंवा चार सुट्या कड्या करा आणि प्रत्येक कडीचा सांधा आधीच्या सांध्याच्या विरुद्ध बाजूला येईल असं बसवा. लांब दोरी सलग गुंडाळली की पाणी त्याच वाटेने आत येतं. नट हाताने आवळा, बाकी पाण्यात गेल्यावर. इंजिन चालू असताना ग्लँडमधून थेंब-थेंब पाणी पडलं पाहिजे, मिनिटाला आठ-दहा थेंब. एकही थेंब पडू नये म्हणून पक्कं आवळणारे पुष्कळ आहेत. मग पॅकिंग कोरडं पडून जळतं, शाफ्टला खाच पडते आणि त्या खाचेवर पुढे कुठलंच पॅकिंग टिकत नाही. हात लावून बघा: ग्लँड कोमट चालेल, चटका बसला तर सैल करा.

इंजिन

पावसाळ्यात अर्धी रिकामी राहिलेली टाकी म्हणजे टाकीत पाणी. हवेतला ओलावा रात्री पत्र्यावर धरतो आणि खाली उतरतो. टाकीच्या तळाचा नळ उघडून बरणीत काढा. पाणी खाली, डिझेल वर, रेष स्पष्ट दिसते. रेष दिसेनाशी होईपर्यंत काढत राहा. डिझेलमध्ये काळपट चिकट सायीसारखं काही असेल तर टाकी उघडून पुसल्याशिवाय पुढे जाऊ नका, नाहीतर पहिल्याच फेरीत लाटेने ते ढवळलं जाऊन फिल्टर तुंबेल आणि इंजिन बंद पडेल, तेही किनाऱ्याजवळ नाही. दोन्ही फिल्टर नवे, एक जोडी जास्तीची नौकेवर. इंजिन ऑइल बदला. गेल्या हंगामाचं तेल काळं असूनही चालेल असं वाटतं, पण त्यातली आम्लं दोन महिने बेअरिंगवर बसलेली असतात.

समुद्राचं पाणी ओढणाऱ्या पंपातला रबरी इम्पेलर काढून बघा. तो बंदीभर एकाच जागी दबून राहिलेला असतो, पाती एका बाजूला वाकून कडक होतात. वाकवून तळाशी तडा दिसला की बदला. तुटलेलं पातं कूलरच्या नळीत जाऊन अडकतं आणि मग गरम होण्याचं कारण शोधण्यात दिवस जातो. बॅटरी रात्रभर चार्ज करून बारा तास तशीच ठेवा, मग मोजा. १२.६ व्होल्ट असेल तर ठीक, १२.२च्या खाली असेल तर ती भर समुद्रात दगा देणार.

कपलिंग जमिनीवर जुळवून समाधान मानू नका. ओंडक्यांवर बसलेली नौका आणि पाण्यावर तरंगणारी नौका यांचा आकार थोडा वेगळा असतो. उतरवून दोन दिवस झाले, टाकी भरली, की बोल्ट सैल करून दोन्ही तबकड्यांमधली फट चार बाजूंना पातळ पट्टीच्या मापाने मोजा. शंभर मिलिमीटर व्यासाला ०.१ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको. हे काम तासाभराचं आहे आणि फुकट आहे. तरी कुणी करत नाही.

जाळी

नवं जाळं सगळं घेऊ नका. जाळ्याची पंधरा पाती (तुकडे) असतील तर दहा दुरुस्त होतात. बंदीतले हात घरचे आहेत. मोनोफिलामेंटचा धागा दोन बोटांत धरून झटका द्या: तुटला तर ऊन लागून तो मेला आहे, त्याला शिवत बसण्यात अर्थ नाही. वरचा दोर, तरंड (तरंगते गोळे) आणि शिशाची वजनं मेलेल्या जाळ्याची काढून नव्या जाळीला लावता येतात, खर्चाचा मोठा भाग तिथेच वाचतो. आसाचं (जाळ्याच्या भोकाचं) माप कमी करून लहान पापलेट धरायचा मोह तंगीत जास्त होतो. पापलेट राज्य मासा झाला आहे आणि लहान मासळीवर मापाची अट आहे हा एक भाग. दुसरा असा की बोटभर पापलेटाला जो भाव मिळतो त्यात बर्फसुद्धा निघत नाही.

कागद आणि जिवाचं सामान

नोंदणी, चालू वर्षाचा मासेमारी परवाना, नौकेचा विमा, प्रत्येक खलाशाचं ओळखपत्र. एका प्लास्टिकच्या डब्यात मूळ, एक संच घरी. परवाना संपला असेल तर नूतनीकरण जूनमध्येच करा, कारण जुलैअखेर सगळं बंदर एकाच खिडकीवर असतं. ३१ जुलैच्या आत यांत्रिक नौकेने जाळं टाकलं तर परवाना आणि डिझेलची सवलत दोन्ही धोक्यात येतात. दोन दिवसांच्या मासळीसाठी वर्षाचा परतावा घालवणं हा कुठल्याच वर्षी परवडणारा सौदा नाही.

प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेतल्या सामूहिक अपघात विम्यात मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाला पाच लाख, अंशतः अपंगत्वाला अडीच लाख आणि रुग्णालयाच्या खर्चाला २५ हजार मिळतात. सोसायटीकडून नावं गेली आहेत का हे यादीत स्वतः बघा, परप्रांतातून आलेल्या खलाशांची नावं तर हमखास राहतात.

माणसागणिक एक लाइफ जॅकेट, दोन रिंगा, आग विझवायचा सिलिंडर, टॉर्च, औषधाची पेटी, चालू व्हीएचएफ (बिनतारी) संच. संकटाच्या वाहिनी १६वर बोलून तपासा. संकट-संदेश यंत्र मिळालं असेल तर त्याची बॅटरी बघा. तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी सुरक्षेचा १०९३ हे दोन क्रमांक सुकाणूजवळ रंगाने लिहून ठेवा.

दिवस आणि पाणी

तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारण कळते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. पण जड नौका उतरवायला कुठलीही भरती चालत नाही. उधाण (सर्वात मोठी भरती) हवं, आणि उधाण पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी सर्वात उंच चढतं. अष्टमीच्या भांगाला (छोट्या भरतीला) पाणी त्या उंचीला येतच नाही. मुंबईकडे हा फरक खूप मोठा आहे, सिंधुदुर्गाकडे भरतीच मुळात कमी चढते, त्यामुळे तिथे एक उधाण चुकलं की नौका पंधरा दिवस वाळूत.

२०२६मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे सगळे सण पुढे गेले आहेत. गुरुपौर्णिमा २९ जुलैला, म्हणजे ३०-३१च्या उधाणात नौका पाण्यात घेऊन १ ऑगस्टला तयार राहता येतं. पुढचं उधाण १२ ऑगस्टच्या अमावास्येचं, आणि नारळी पौर्णिमा पार २८च्या सुमाराला. यात बाजाराचा हिशेब दडलेला आहे. १२ ऑगस्टची गटारी होईपर्यंत गावोगावी मासळीला मागणी असते, दुसऱ्या दिवशी श्रावण लागतो आणि घरगुती गिऱ्हाईक बसतं. गणपती १४ सप्टेंबरला. गौरीला तिखटाचा नैवेद्य करणारी घरं कोकणात आहेत, पण त्यावर कुणाचा हंगाम निघत नाही. तेव्हा ऑगस्टचे पहिले बारा दिवस भाव चांगला आणि समुद्र खराब, नंतर समुद्र निवळतो तेव्हा भाव खाली. पहिल्या दिवशी जायचं की नाही हे शेजाऱ्याची नौका बघून ठरवू नका. बंदरावर तीन नंबरचा (खराब हवेच्या इशाऱ्याचा) बावटा असेल तर प्रश्नच मिटला. नसेल आणि नौका पूर्ण तयार असेल तर एक-दोन दिवसांच्या जवळच्या फेऱ्या करा. अर्धवट तयार असेल तर अमावास्येच्या उधाणाला थांबा.

उतरवणं

पूर्ण भरतीच्या दोन तास आधी कामाला लागा. पाणी चढतं असताना नौका अडली तर तेच पाणी पुढच्या अर्ध्या तासात तिला उचलतं. भरती भरल्यावर सुरुवात केली आणि अडली, तर ओहोटी तिला कुशीवर टाकून जाते.

ओंडक्यांवरून सरकवायची असेल तर वाट आदल्या ओहोटीला साफ करा, दगड वेचा, फळ्यांना ग्रीस लावा. खाडीत नाळ कुठेही असली तरी चालतं, उघड्या किनाऱ्यावर ती लाटेकडेच हवी. मागून एक दोर कायम आवळून धरलेला असू द्या, उतारावर नौका सुटली तर तो एकच लगाम. सरकत्या नौकेच्या पुढे आणि ओंडक्यांच्या रेषेत माणूस उभा करायचा नाही, पोरं तर अजिबात नाहीत.

क्रेन भाड्याने आणत असाल तर तिच्यावर लिहिलेले टन वाचून फसू नका. ती ताकद हात आखूड आणि जवळ असतानाची असते. हात लांब केला की चौदा टनांची क्रेन चार टनांनाही डगमगते. धक्क्यापासून पाण्यापर्यंतचं अंतर आधी मोजून क्रेनवाल्याला सांगा. पट्टे आतल्या आडव्या भिंतींखाली घ्या, शाफ्ट किंवा सुकाणूखाली कधीच नाही. टाक्या रिकाम्या, खण रिकामे, जाळी खाली.

पाण्यात गेल्या गेल्या इंजिन सुरू करून मिरवू नका. आधी तळाची फळी उचला आणि टॉर्च घेऊन बघा. लाकडी नौका पहिल्या दिवशी पाणी घेणारच, सांधे मिटायला एक-दोन भरत्या लागतात. उपसायचा पंप आणि एक माणूस रात्रभर नौकेवर ठेवा. दर दोन तासांनी उपसलेल्या बादल्या मोजा. आकडा उतरत गेला तर फळ्या फुगत आहेत. तेवढाच राहिला किंवा वाढला तर एखादा सांधा किंवा ग्लँड बोलते आहे. उथळ पाण्यात बांधलेली असेल तर ओहोटीला लगेच बघता येतं, म्हणून पहिल्या दोन रात्री खोल पाण्यात नांगरू नका. ग्लँड, समुद्राच्या पाण्याच्या नळाची बैठक आणि पंपाची नळी या तीन जागा आधी.

पहिली फेरी

टाकी पूर्ण भरा पण वापर मोजून करा. चाचणी फेरीत इंजिन एक तास मिनिटाला १,८०० फेऱ्यांवर आणि एक तास १,६००वर चालवून दोन्ही वेळचं डिझेल आणि अंतर लिहून घ्या. १,६००वर बहुतेक नौकांचा वेग दहावा हिस्सा कमी होतो आणि तासाचं डिझेल जवळजवळ तीस टक्के. वेळ थोडा जास्त जातो तो धरूनही त्याच अंतराला पाचवा हिस्सा वाचतो. जाण्यायेण्यात १६ तास जात असतील तर फेरीला २८ लिटर, म्हणजे अडीच हजार रुपये, आणि ४५ फेऱ्यांत लाखाच्या वर. बुडाचा रंग यातूनच निघतो. तांडेलाला हे पटवायचं असेल तर वाचलेल्या डिझेलचा एक वाटा त्याला द्या.

बर्फ मासळीएवढा तर हवाच, वर वितळण्यासाठी आणि खणाच्या थरांसाठी; वरच्या हिशेबातला दीड टन त्यासाठीच आहे. ४०० किलोच्या अपेक्षेवर तीन टन बर्फ भरून नेणं म्हणजे गोडं पाणी समुद्रात नेऊन ओतणं. मात्र कमी नेऊन मासळी मऊ पडली तर लिलावात किलोमागे तीस-चाळीस रुपये जातात. खणाच्या तळाला आणि कडांना वीतभर थर, मग मासळी आणि बर्फ आलटून पालटून. खणाचं पाणी रोज काढायचं.

ऑगस्टमध्ये ढगांमुळे उपग्रहाला समुद्र नीट दिसत नाही, त्यामुळे हैदराबादच्या इन्कॉइसची संभाव्य मासेमारी क्षेत्राची सूचना अनेक दिवस येतच नाही. तिची वाट बघत डिझेल जाळू नका. पहिल्या दोन फेऱ्या ओळखीच्या, जवळच्या पाण्यात करा. परत आल्यावर, मासळी उतरायच्या आधी, ग्लँडचे थेंब मोजा, कपलिंगचे बोल्ट आवळा, फिल्टरची काच बघा, आणि वहीच्या पहिल्या पानावरच्या आकड्याखाली फेरीचे किलो लिहा.